रॉकी पर्वतातल्या गुडघाभर भिंती

आजच्या भागात आपण कोलोराडोतल्या डोंगरांवर जाणार आहोत, आणि तेही झाडं संपतात त्याच्या वर.

आपल्याकडे डोंगर म्हटला की त्यावर काहीतरी असतंच. राजगडाला माच्या आहेत, हरिश्चंद्रगडावर मंदिर आणि लेणी आहेत, नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाशी जोडलेला शिलालेख आहे. अगदी काहीच नसलं, तरी माथ्यावर शेंदूर फासलेला एखादा दगड असतो. त्यामुळे इकडे आल्यावर आपल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "इथले डोंगर देखणे आहेत हो, पण त्यांना इतिहास नाही." गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाची ताटं हातात घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, त्याची गणती नाही. आज त्या वाक्याबद्दलच बोलू या.

डेन्व्हरहून निघालं की दोनेक तासांत रॉकी माउंटन नॅशनल पार्क येतं. तिथला ट्रेल रिज रोड तुमच्यापैकी अनेकांनी गाडीने पार केला असेल. या रस्त्याची सर्वांत मोठी उंची १२,१८३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. साधारण साडेअकरा हजार फुटांच्या आसपास झाडं संपतात आणि पुढे नुसतं खुरटं गवत, वारा आणि दगड. आपण गाडी थांबवतो, फोटो काढतो, थंडीने कुडकुडत परत गाडीत बसतो. पण याच डोंगररांगेच्या माथ्यावर, पार्कमध्ये आणि त्याच्या दक्षिणेला रोलिन्स पास नावाच्या खिंडीच्या परिसरात, काही दगड रांगेने मांडलेले आहेत. उंची फार तर गुडघ्याइतकी, काही ठिकाणी त्याहूनही कमी. लांबून पाहिलं तर दरड कोसळून पडलेले दगड वाटावेत. रोलिन्स पासला जाणारे बरेचसे लोक तिथून १९०४ ते १९२८ या काळात धावलेल्या जुन्या रेल्वेच्या खुणा बघायला जातात. त्या रेल्वेहून कितीतरी जुन्या भिंती जवळच पडलेल्या आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

या भिंती शिकारीच्या आहेत. त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. दोन रांगा खालच्या उतारावरून निघतात, तेव्हा त्यांच्यात भरपूर अंतर असतं. वर जाता जाता त्या एकमेकींकडे झुकत जातात, नरसाळ्यासारख्या. वरच्या टोकाला दगड बाजूला सारून केलेले उथळ खड्डे असतात. त्या खड्ड्यांत शिकारी भाले किंवा धनुष्यबाण घेऊन दबा धरून बसत. बाकीची माणसं खालून हाकारे घालत कळप वर हाकत. बिगहॉर्न जातीचा रानमेंढा घाबरला की खाली पळत नाही, कड्याच्या आसऱ्याला वर पळतो. एल्क हे मोठं हरीणही इथे मारलं जाई. आता कुणी म्हणेल, गुडघाभर भिंत तर मेंढा सहज उडी मारून ओलांडेल. ओलांडू शकतो, पण बिथरलेल्या कळपाला समोर सलग रेघ दिसली की तो तिच्या कडेकडेनेच पळत राहतो. ज्यांनी लहानपणी गावाकडे मेंढ्या हाकताना पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. किल्ल्याच्या तटाला माणसं अडवायची असतात, म्हणून तो उंच लागतो. या भिंतीला फक्त जनावराचं मन वळवायचं होतं.

या भिंती किती जुन्या, हे शोधून काढण्यात जिम बेनेडिक्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा आहे. कोलोराडोतल्या वॉर्ड या छोट्या डोंगरी गावात राहून त्यांनी २०११ साली निधन होईपर्यंत, चार दशकांहून जास्त काळ, याच माथ्यांचा अभ्यास केला. खड्ड्यांत सापडलेल्या कोळशावरून त्यांनी काळ ठरवलाच, पण त्यांचं दुसरं घड्याळ आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्याच्याच जातकुळीतली, पण खडकाला घट्ट चिकटून राहणारी पिवळट-हिरवी दगडफुलं या उंचीवर वाढतात. ती इतकी सावकाश वाढतात की शंभर वर्षांत काही मिलिमीटरच पसरतात. माणसाने दगड उचलून भिंतीत ठेवला की उघड्या पडलेल्या अंगावर नवं दगडफूल धरतं. त्याचा घेर मोजायचा, वाढीचा वेग माहीत असला की भिंतीचं वय अंदाजाने काढता येतं. हे दगडफुलाचं घड्याळ लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

वयाचे आकडे थक्क करणारे निघाले. सगळ्या भिंती एका काळातल्या नाहीत. काही गेल्या हजार वर्षांतल्या आहेत. पण याच डोंगररांगेतल्या शिकारतळांच्या काही खुणा सुमारे साडेपाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. म्हणजे हडप्पाची नगरं उभी राहण्याच्याही आधी इथे माणसं शिकारीसाठी येत होती. त्या काळी खालची मैदानं फार कोरडी पडली होती, आणि पाणी व चारा वर शिल्लक होता म्हणून माणसं आणि जनावरं डोंगराकडे वळली असावीत, असा बेनेडिक्ट यांचा तर्क होता. दुष्काळात जिथे पाणी तिथे बिऱ्हाड, हे आपल्या माण-खटावच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

पुढे बेनेडिक्ट यांनी आणखी एक गोष्ट मांडली. भिंती, हत्यारांचे दगड आणि ऋतू यांचा मेळ घालून त्यांना दिसलं की काही काळात ही माणसं वर्षभर एक मोठा फेरा घालत असावीत. हिवाळा पूर्वेच्या पायथ्याशी. वसंतात डोंगराच्या कडेने उत्तरेला वायोमिंगच्या बाजूला. उन्हाळ्यात डोंगराच्या पलीकडच्या मोठ्या खोऱ्यांतून हळूहळू दक्षिणेला. आणि उन्हाळा सरता सरता सगळ्यांनी माथ्यावर जमायचं, एकत्र शिकार करायची, मांस वाळवायचं आणि थंडीच्या आत पुन्हा पायथ्याला उतरायचं.

हे वाचताना मला आपले धनगर आठवले. दिवाळीनंतर देशावरून मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणातल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि पावसाळ्याच्या आत परत वर यायचं. धनगरांचा वाडा हलला की मागे काय उरतं? चुलीचे तीन दगड आणि थोडी राख. पाच वर्षांनी तिथून जाणारा म्हणेल, इथे कुणीच नव्हतं. पण जिथे दरसाल त्याच ठिकाणी तळ पडतो, ती जागा ओसाड म्हणता येत नाही. ते घरच असतं, फक्त त्याला बारा महिने छप्पर नसतं.

आता कुणाला वाटेल की शिकारी पुरुष चार दिवस वर यायचे आणि जायचे, त्यात घर कुठलं? बराच काळ अभ्यासकांचाही समज तसाच होता. तो मोडला तो नेव्हाडा, कॅलिफोर्निया आणि वायोमिंगमध्ये. नेव्हाडातल्या टोक्विमा रांगेत माउंट जेफरसन नावाचा डोंगर आहे. तिथे सुमारे अकरा हजार फुटांवर दगडी जोत्यांच्या घरांची आख्खी वस्ती सापडली. तिला आल्टा टोक्विमा म्हणतात. न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी १९८० च्या दशकात तिथे खोदकाम केलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये रॉबर्ट बेटिंगर यांना दहा हजार फुटांच्या वर अशाच डझनभर वस्त्या मिळाल्या. २००६ साली वायोमिंगच्या विंड रिव्हर रांगेत, साधारण पावणेअकरा हजार फुटांवर, उतार खोदून सपाट केलेली साठाहून जास्त जोती सापडली. तिला आता हाय राइज व्हिलेज म्हणतात. खालच्या बाजूला पाइनची झाडं आहेत, त्यांच्या बिया भाजून खायला मिळत.

या वस्त्यांत बाणांची टोकं होतीच, पण दळण्या-वाटण्याचे दगडही होते. आपल्या पाटा-वरवंट्याचे चुलतभाऊच म्हणा. चार दिवसांच्या शिकारीला जाणारा माणूस पाटा उचलून अकरा हजार फुटांवर नेत नाही. पाटा आला म्हणजे चूल आली, चूल आली म्हणजे बायका-मुलं, म्हातारी-कोतारी आली. उन्हाळाभर वरती संसार मांडलेला होता. ज्या हवेत आपल्याला पार्किंगपासून टॉयलेटपर्यंत चालताना धाप लागते, तिथे कुणाची तरी आजी बिया वाटत बसली होती.

आता मुलांना किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जाण्याजोगी एक जागा सांगतो. कोलोराडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पगोसा स्प्रिंग्ज आणि दुरँगो यांच्या मध्ये चिमनी रॉक आहे. मेसा व्हर्डेला जाणारी गर्दी बहुतेक वेळा इथे थांबत नाही. एका अरुंद डोंगरधारेच्या टोकाला दोन उंच सुळके उभे आहेत, आणि त्या धारेवर, ७,६०० फुटांवर, प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधलेला दगडी वाडा आहे. त्यात दोन किवा, म्हणजे जमिनीत उतरून जायच्या गोल समारंभाच्या खोल्या आहेत. वर पाणी नाही. खालची नदी सुमारे हजार फूट खाली. आपल्या गडांवर निदान खडकात खोदलेली टाकी असतात. इथे पाणी आणि लाकूड वाहून आणावं लागलं असणार. मग एवढा खटाटोप कशासाठी?

वाड्याच्या लाकडांतल्या वर्तुळांवरून बांधकामाची दोन वर्षं निघाली: १०७६ आणि १०९३. चंद्र रोज एकाच जागी उगवत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या उगवण्याच्या जागेची उत्तरेकडची शेवटची मर्यादाही १८.६ वर्षांच्या फेऱ्यात पुढे-मागे सरकते. ती सर्वांत दूर सरकते, तेव्हा या वाड्यावरून पाहणाऱ्याला चंद्र बरोबर त्या दोन सुळक्यांच्या फटीतून वर येताना दिसतो. १९८० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ मॅककिम मॅलव्हिल यांनी हे ताडलं, आणि १०७६ आणि १०९३ ही दोन्ही वर्षं अशाच काळाशी जुळतात. अगदी अलीकडे हा योग २०२४-२५ मध्ये आला होता. पुढचा २०४३ च्या सुमारास येईल. आज आपल्याकडे बालवाडीत जाणारी मुलं तेव्हा नोकरीला लागलेली असतील. अठरा वर्षांनी येणारी गोष्ट लक्षात ठेवायची, तर एका पिढीने दुसरीला सांगितलीच पाहिजे. पंचांग छापायची सोय नसताना हे ज्ञान टिकलं, ते घराघरांतून सांगितलं गेलं म्हणून. आपण इथे मराठी शाळा चालवणारी माणसं आहोत. ही गोष्ट किती अवघड आहे, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे.

११२५ च्या सुमारास ती माणसं चिमनी रॉक सोडून गेली. पण ती नाहीशी झाली नाहीत. न्यू मेक्सिकोतली प्वेब्लो गावं आणि ॲरिझोनातले होपी लोक या जागेला आजही आपल्या पूर्वजांची जागा मानतात. २०१२ साली ती राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपण म्हणतो, तिथे किती शांत वाटतं. या शांततेलाही इतिहास आहे. कोलोराडोच्या डोंगरांत शतकानुशतकं राहणाऱ्या यूट लोकांपैकी बहुतेकांना १८८१ साली यूटाच्या राखीव प्रदेशात हलवलं गेलं. काहींना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जागा उरली. उत्तरेकडचे अरापाहो १८७८ मध्ये वायोमिंगच्या विंड रिव्हर राखीव प्रदेशात गेले. त्यानंतर आलेल्यांना डोंगर रिकामे दिसले, आणि ते कायमचेच रिकामे होते असं वाटू लागलं. "इथल्या डोंगरांना इतिहास नाही" हे आपलं वाक्य तिथूनच आलेलं आहे. आपण ते उसनं घेतलं आणि आपलंच समजून बोलू लागलो.

१९१४ साली एक विलक्षण गोष्ट घडली. रॉकी माउंटन पार्क व्हावं म्हणून खटपट चालली होती, आणि नकाशावर टाकायला नावं हवी होती. कोलोराडो माउंटन क्लबने विंड रिव्हरहून दोन अरापाहो वडीलधाऱ्यांना बोलावलं: गन ग्रिसवोल्ड आणि शर्मन सेज. दुभाषा म्हणून टॉम क्रिस्पिन आले. घोड्यांवरून दोन आठवडे ते या डोंगरांत फिरले. सोबतच्या ऑलिव्हर टोल या तरुणाने सगळं टिपून घेतलं. इतक्या वर्षांनी परत आलेली ती माणसं प्रत्येक खिंडीला, ओढ्याला, शिखराला नावानिशी ओळखत होती. ज्या वाटेच्या आसपास आज ट्रेल रिज रोड आहे, तिचं त्यांच्या भाषेतलं नाव होतं मुलांची वाट. चढ इतका उभा, की मुलांना घोड्यावरून उतरून चालावं लागे, म्हणून. शिखरावर झेंडा रोवणाऱ्याने ठेवलेलं हे नाव नव्हे. पोराबाळांना घेऊन तो चढ चढलेल्या आई-बापांनी ठेवलेलं आहे.

ग्रिसवोल्ड यांनी आणखी एक आठवण सांगितली. त्यांचे वडील लाँग्ज पीकच्या माथ्यावर गरुड पकडत. तिथे खड्ड्यात लपून बसायचं, वर आमिष ठेवायचं आणि गरुड उतरला की त्याचे पाय धरायचे. लाँग्ज पीक १४,२५९ फूट उंच आहे, आणि पुस्तकांत त्यावरच्या पहिल्या चढाईचा मान १८६८ सालच्या जॉन वेस्ली पॉवेल यांच्या तुकडीला दिलेला असतो. टोल यांच्या नोंदी पुस्तकरूपात छापून यायला १९६२ साल उजाडलं.

भिंतीला वय असतं, पण नाव माणसांकडे असतं. माणसं हलवली की नावं जातात, आणि मग भिंत नुसता दगडांचा ढीग होते. म्हणून जे दगड अजून जागेवर आहेत, त्यांची किंमत आणखी वाढते.

१८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशॉल्ड हा तेवीस वर्षांचा स्वीडिश तरुण मेसा व्हर्डेला आला. त्याने तिथली घरं खणली, उत्तम नोंदी केल्या, आणि सापडलेल्या वस्तू पेट्यांत भरून निघाला. दुरँगोमध्ये त्याला अटक झाली, पण कुठला कायदा मोडला हेच कुणाला सांगता येईना, कारण तसा कायदाच नव्हता. पेट्या युरोपात गेल्या आणि अखेर फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचल्या. पुढे १९०६ साली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा झाला. १९९० च्या कायद्याने मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू मूळ समाजांना परत देण्याची सक्ती इथल्या संग्रहालयांवर आली. आणि २०२० साली फिनलंडने त्या पेट्यांतले वीस माणसांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू परत पाठवल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांनी ती माणसं आपल्या भूमीत परत आली.

आता दगडफुलाच्या घड्याळाकडे वळू. हल्ली ट्रेलवर दगडावर दगड रचून फोटो काढायची हौस सगळीकडे दिसते. दगड कुठून येतात? जवळ जे सुटे, हाताला येण्याजोगे असतात तिथून. आणि झाडांच्या वर, माथ्यावर, हाताला येण्याजोगे दगड नेमके या भिंतींत असतात. एक दगड उचलला की त्यावरचं दगडफूल उलटं होऊन मरतं, आणि ते घड्याळ तिथेच थांबतं. मी आयटी कन्सल्टिंगमध्ये आहे, दिवसभर नोंदींशी गाठ असते. कुठलीही नोंद तिच्या जागेवरून उचलली की उरतो तो नुसता आकडा. कुणाचा, कधीचा, कशाशी जोडलेला, हे कळायचा मार्ग उरत नाही. बाणाचं टोक जमिनीवर असतं तेव्हा ती नोंद असते. तेच आपल्या घरी शोकेसमध्ये गेलं की शोभेची वस्तू. शिवाय सरकारी जमिनीवरून अशी वस्तू उचलणं हा गुन्हाही आहे.

तेव्हा या उन्हाळ्यात जाणार असाल तर चार साध्या गोष्टी. पहाटे निघा, दुपारी या माथ्यांवर विजा कोसळतात, आणि झाडांच्या वर आडोसा नसतो. पहिले एक-दोन दिवस अंगाला उंचीची सवय होऊ द्या, आजी-आजोबा सोबत असतील तर विशेष. आखलेली वाट सोडू नका. तिथलं बोटभर झुडूपही कित्येक वर्षं वाढलेलं असतं. आणि दगडांची रांग दिसली तर मुलांना हात न लावता बाजूला बसवा आणि सांगा, की ही कुणाची तरी भिंत आहे, तिची माणसं वायोमिंगमध्ये, यूटात, न्यू मेक्सिकोत अजून आहेत, आणि त्यांना तिची आठवण आहे. चिमनी रॉकला जायचं असेल तर ते फक्त उबदार महिन्यांत खुलं असतं, वेळा आधी पाहून घ्या.

पुढच्या गणपतीत ताट हातात घेऊन कुणी म्हणालं, "इथल्या डोंगरांना इतिहास नाही," तर वाद घालू नका. त्यांना नुसतं विचारा, मुलांची वाट कुठे आहे माहीत आहे का?

आजच्यापुरतं एवढंच, मंडळी. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.